मुंबई–दिल्ली विमानाला सव्वादोन तास का लागतात?

मुंबई आणि दिल्ली विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर. राजधानी एक्सप्रेसच्या रुळांवरून तेच १,३८४ किलोमीटर भरतं. जेट विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे जातं, मग तिकिटावर सव्वादोन तास कसे?

कारण ती वेळ निव्वळ उड्डाणाची नसतेच! चाकांसमोरचे ठोकळे काढून विमान गेटपासून मागे ढकललं जातं, तिथे हिशेब सुरू होतो. दिल्लीच्या गेटवर ते उभं राहिलं की संपतो. प्रत्यक्ष हवेत पावणेदोन तासांच्या आसपासच जातात.

त्यातून मुंबईची अडचण वेगळीच. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं सोडता-उतरवता येत नाहीत. गर्दी झाली की उतरायला आलेली विमानं आकाशात लंबगोल घिरट्या घालत थांबतात. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये या विमानतळाने एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा हाताळली. नियंत्रकांच्या या कसबाला खरोखर तोड नाही.

लांबच्या मार्गावर वारा गणित बदलतो. मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात जोरात असतो, म्हणून लंडनहून येताना जाण्यापेक्षा साधारण तासभर कमी लागतो. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक धरूनच प्रवासाचा वेळ मोजावा.