साखर नसलेले शीतपेय आणि मधुमेही

सणाला किंवा लग्नाच्या मांडवात मधुमेही पाहुण्यापुढे हल्ली ‘डाएट’ किंवा ‘झीरो’ लिहिलेली बाटली मुद्दाम ठेवतात. ‘ह्यात साखर नाही, निर्धास्त घ्या,’ असा आग्रहही होतो. ह्या निर्धास्तपणाला आधार कितपत, ते पाहू या.

साध्या कोलाच्या ३०० मिलिलिटर बाटलीत सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे साखर असते. डाएट पेयात तिच्याऐवजी अ‍ॅस्पार्टेमसारखा कृत्रिम पदार्थ घालतात. तो साखरेहून सुमारे २०० पट गोड असल्याने अगदी थोडा पुरतो. त्यामुळे रक्तातील साखर कोलाइतकी झपाट्याने चढत नाही. हॉलंडमध्ये ६४१ मुलांवर दीड वर्ष प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१२ साली आला. साखरेचे पेय पिणाऱ्यांपेक्षा बिनसाखरेचे पेय पिणाऱ्या मुलांचे वजन सरासरी एक किलोने कमी वाढले.

आता दुसरी बाजू. अशी पेये नेहमी पिणाऱ्यांत मधुमेह अधिक आढळतो. पण दोष पेयाचाच, असे त्यावरून ठरत नाही. कारण वजन वाढलेली माणसेच त्यांच्याकडे अधिक वळतात. मात्र इस्रायलमधील १२० निरोगी प्रौढांवरील प्रयोगात (२०२२) दोन आठवडे सॅकरिन किंवा सुक्रालोज घेणाऱ्यांच्या शरीराला साखर पेलणे जड गेले. अ‍ॅस्पार्टेमने तसे झाले नाही. वजन ताब्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता.

तात्पर्य, मधुमेह्याला साखरेच्या बाटलीपेक्षा ही बाटली बरी. पण ती औषध नव्हे आणि रोजची सवयही नको. मुलांना तर देऊच नये. शेतातल्या तहानेला पाणी, ताक किंवा बिनसाखरेचे कोकमाचे पाणी उत्तम. मीठ बेताने घालावे.

शेवटी एक गोष्ट घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावी. इन्सुलिन घेणाऱ्याला एकाएकी घाम सुटला, हातपाय थरथरले, भोवळ आली, तर त्याची साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी डाएट पेय निरुपयोगी आहे. तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तडक इस्पितळ गाठावे.