तीन चकत्यांवर टिकाऊपणा ठरतो का?

समुद्रकाठच्या इमारतींत काँक्रीटमधल्या सळया गंजतात त्या मुख्यतः क्लोराइडमुळे. तडकलेला भाग फोडून तिथे सिमेंटचा रिपेअर मॉर्टर भरतात. तो क्लोराइडला किती अडवेल हे पाहण्यासाठी ‘एएसटीएम सी १२०२’ ही चाचणी सर्रास होते. १०० मिमी व्यासाच्या, ५० मिमी जाडीच्या चकतीला ६ तास ६० व्होल्ट देतात आणि तिच्यातून गेलेला विद्युतभार कूलोममध्ये मोजतात. १००० ते २००० कूलोम म्हणजे पारगम्यता ‘कमी’, १०० ते १००० म्हणजे ‘अत्यंत कमी’.

प्रश्न उभा राहतो तो हजाराच्या सीमेजवळ. बॅच तीच, तंत्रज्ञ तोच, तरी निकालांचा विचरण गुणांक १२.३ टक्के असतो, हे मानकातच नोंदलेले आहे. प्रयोगशाळा बदलली की तो १८ टक्क्यांवर जातो. त्यामुळे एकाच मालाच्या दोन प्रयोगशाळांतल्या निकालांत ५१ टक्क्यांपर्यंत फरक पडला, तरी कोणाची चाचणी चुकली असे म्हणता येत नाही.

समजा, तीन चकत्यांची सरासरी ९०० कूलोम आली आणि प्रमाण विचलन १०८. विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मोजक्या नमुन्यांसाठी जी पद्धत मांडली, तिच्या आधारे ९५ टक्के विश्वासपातळीवर खऱ्या सरासरीचा पल्ला ६३२ ते ११६८ निघतो. अहवालात मात्र ‘अत्यंत कमी’ एवढेच छापून येते. विचलन तेच धरले, तर सहा चकत्यांनंतरही वरचे टोक १०१३ राहते. ते जेमतेम हजाराच्या आत यायला सात चकत्या लागतात.

त्या सातही एकाच सिलिंडरमधून कापल्या, तर आकडेमोड फसवी ठरते. साइटवर दर बॅचला पाणी कमीजास्त पडते, क्युरिंग कुठे होते, कुठे राहून जाते. हा फरक त्यांत उतरतच नाही. पद्धतीतला दोष तर नमुने वाढवूनही जात नाही. कॅल्शियम नायट्राइट हे गंजरोधक मिसळलेल्या काँक्रीटमधून जास्त विद्युतभार जातो आणि ते आहे त्याहून अधिक पारगम्य भासते.

दाबबलाच्या बाबतीत ‘आयएस ४५६’ हे काँक्रीटचे भारतीय मानक सरासरीवर थांबत नाही. पाच टक्क्यांहून अधिक निकाल ज्याखाली जाऊ नयेत, असे वैशिष्ट्यपूर्ण बल ते मागते. टिकाऊपणाला ही शिस्त अधिकच हवी, कारण गंज सर्वांत कच्च्या जागी आधी सुरू होतो. म्हणून दुरुस्तीच्या निविदेत कूलोमच्या मर्यादेसोबत नमुने किती, ते किती बॅचमधून घ्यायचे आणि विचलन किती चालेल, हेही लिहिलेले असायला हवे.