टेफ्लॉनची नळी

श्रोतेहो, खांडबाऱ्यासारख्या गांवच्या दवाखान्यांत रोग्याच्या शिरेंत सलाईन लावतांना सुई प्रथम टोंचली जाते, पण ती लगेच बाहेर काढून घेतात. शिरेंत मागें राहते ती सुईवर बसविलेली एक मऊ, बारीक नळी. ती असल्यामुळेंच रोग्याला हात थोडाफार हलवितां येतो. अशा पुष्कळ नळ्या टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकच्या असतात. रक्ताशीं अखंड संबंध येऊनही स्वतः न बिघडणें, हें तिचें काम. या अलिप्तपणाचें मूळ कशांत आहे, तें आज पाहूं.

६ एप्रिल १९३८ रोजीं अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीचे रसायनज्ञ रॉय प्लंकेट शीतयंत्रांना उपयुक्त अशा वायूंचा शोध घेत होते. टाकीची तोटी उघडली, तरी वायु बाहेर येईना. वजन पाहावें, तर टाकी रिकामी नव्हे. ती कापल्यावर आंत पांढरी, मेणचट पूड सांपडली. वायूचे असंख्य कण एकमेकांस जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब सांखळ्या बनल्या होत्या.

या सांखळीचा कणा कार्बनचा असून त्याभोंवतीं फ्लोरिनच्या अणूंचें कवच असतें. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध अत्यंत बळकट असल्यामुळें तीव्र आम्लांचाही तिच्यावर परिणाम होत नाहीं. या फ्लोरिनचें मूळ म्हणजे फ्लोरस्पार हें खनिज. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस, नर्मदेपलीकडे, छोटा उदेपूर जिल्ह्यांतील आंबाडुंगरच्या परिसरांत त्याचे साठे आहेत. गुजरातेंतच दहेज येथें हें प्लास्टिक तयारही होतें.

टेफ्लॉन सुमारें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें, परंतु वितळूनही वाहत नाहीं. म्हणून त्याची नळी इतर प्लास्टिकप्रमाणें ओततां येत नाहीं. पुडींत खनिज तेलासारखा द्रव मिसळून तिचा गोळा दाबतात, शेवयांच्या साच्यासारख्या यंत्रांतून तो नळीच्या आकारांत काढतात, द्रव उडवून लावतात आणि शेवटीं भट्टींत तापवून कण एकजीव करतात. अशी नळी २६० अंशांपर्यंत काम देते. याच कुळांतील एफईपी मात्र वितळून वाहतें. त्याची नळी पारदर्शक होते, पण तिची मर्यादा २०० अंशांची असते.

रासायनिक कारखान्यांत आम्लें वाहून नेण्यासाठीं, विमानांतील विजेच्या तारांवर वेष्टन म्हणून आणि इलेक्ट्रॉनिक चकत्या धुण्याचीं अतिशुद्ध द्रव्यें नेण्यासाठीं या नळ्या वापरतात. तरी त्या सर्वगुणसंपन्न नव्हेत. सतत दाब पडला, तर हें प्लास्टिक हळूहळू पसरतें व जोड सैल होतो. म्हणून जोड वरचेवर तपासावे लागतात. वीज न वाहणारे, पेट घेणारे द्रव वेगानें वाहूं लागले, तर नळींत विद्युत्भार सांचून ठिणगी पडण्याचा संभव असतो. अशा ठिकाणीं कार्बन मिसळलेलें अस्तर वापरतात व नळी जमिनीशीं जोडतात.

श्रोतेहो, आतां जो मुद्दा सांगावयाचा आहे, तो सर्वांत महत्त्वाचा. जो बंध आम्लाला दाद देत नाहीं, तो मातीलाही देत नाहीं. टाकलेली नळी कुजत नाहीं. तिला आग लावावी, तर हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायु निघतात. या प्लास्टिकच्या निर्मितींत पूर्वी वापरलें जाणारें पीएफओए हें रसायन पाण्यांत व मनुष्याच्या रक्तांत टिकून राहतें, असें आढळल्यामुळें २०१९ मध्यें स्टॉकहोम करारान्वयें त्यावर जागतिक निर्बंध आले. म्हणून सलाईनच्या नळ्या उकिरड्यावर फेंकूं नयेत, जाळूंही नयेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार त्यांची जागा लाल पिशवींत आहे, आणि सुईची स्वतंत्र, न टोंचणाऱ्या पांढऱ्या डब्यांत. दवाखाना लहान असला, तरी हा नियम त्यालाही लागू आहे. न बिघडणारी वस्तु वापरणाऱ्यानें तिच्या शेवटाची काळजीही आपणच घेतली पाहिजे.