तीस मैलांची आकाशगंगा

लॉस एंजेलिसच्या मध्यापासून उत्तरेला साधारण 65 किलोमीटरवर आग्वा दुल्से नावाचं छोटं गाव आहे आणि त्याला लागून वास्केझ रॉक्स हे उद्यान. ट्रॅफिकने छळलं नाही तर तासाभराची गाडी. गेल्या गेल्या समोर सुमारे दीडशे फुटी तिरके सुळके दिसतात, आणि 'स्टार ट्रेक' ही अंतराळ-मालिका पाहिलेल्या माणसाला ओळख पटायला क्षणही लागत नाही. 19 जानेवारी 1967 रोजी अमेरिकेत दाखवलेल्या 'अरीना' या भागात कॅप्टन कर्क त्या सरड्यासारख्या गॉर्नशी झुंजला, ते इथेच.

एवढ्यावर हे खडक थांबले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात 'फ्रायडेज चाइल्ड' या भागात ते कपेला ताऱ्याचा चौथा ग्रह झाले. कपेला म्हणजे आपलं ब्रह्महृदय, सुमारे 43 प्रकाशवर्षांवरचं. 1989मध्ये 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेने त्यांना मिंटाका ताऱ्याचा तिसरा ग्रह करून टाकलं. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे जे तीन तारे आपण पोराबाळांना दाखवतो, त्यांतला एक मिंटाका. तिथून प्रकाश यायला बाराशे वर्षं लागतात. चित्रपटांत हीच जागा कर्कचा साथीदार स्पॉक याचं माहेर, व्हल्कन ग्रह, म्हणूनही उभी राहिली. पाहायला येणाऱ्याने गाडी एकदाच लावायची आणि चार ग्रह उरकायचे.

व्हल्कनचा पत्ता तर पक्का आहे. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने 1991मध्ये तीन खगोलशास्त्रज्ञांच्या साथीने 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकाला पत्र लिहून तो जाहीर केला: 40 एरिडनी हा तारा, अंतर 16.3 प्रकाशवर्षं. आकाशगंगेच्या हिशेबात हे अगदी शेजारचं घर. किलोमीटरमध्ये मांडलं की एक कोटी चोपन्न लाख कोटी होतात. एकं, दहं, शतं म्हणत जलधीपर्यंत जावं, तेव्हा हा आकडा हाती लागतो. आता आग्वा दुल्सेला नेणारी गाडीच पुढे दामटू. ताशी शंभरच्या वेगाने, न थांबता, 17 कोटी 60 लाख वर्षं. म्हणजे डायनोसॉर ऐन भरात असताना निघालेली गाडी आज पोचली असती. माणसाने सर्वांत दूर धाडलेलं यान व्हॉएजर 1 सेकंदाला 17 किलोमीटर जातं. त्या वेगानेही पावणेतीन लाखांहून जास्त वर्षं लागतील.

बरं, एवढं करून तिथे पोचून काय मिळेल, तेही धड सांगता येत नाही. 2018मध्ये या ताऱ्याभोवती खरोखरच ग्रह सापडल्याची बातमी आली आणि चाहत्यांनी पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं. 2024मध्ये कळलं की तो बहुधा ग्रह नव्हताच. ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या हालचालींनी दुर्बिणींना चकवलं होतं. तेव्हा पाय ठेवता येईल असा व्हल्कन सध्या तरी कॅलिफोर्नियातच आहे.

खुद्द लेखकांनाही ही अंतरं पेलत नसत. 'अरीना'च्या शेवटी परग्रहवासी एंटरप्राइज यानाला क्षणात 500 पार्सेक दूर भिरकावतात आणि नाविक सुलू चकित होऊन सांगतो की आपण आकाशगंगेच्या पार दुसऱ्या टोकाला आलो. 500 पार्सेक म्हणजे 1630 प्रकाशवर्षं. आकाशगंगेची रुंदी सुमारे एक लाख प्रकाशवर्षं. म्हणजे दुसरं टोक गाठायचं तर असे साठ-एकसष्ट धक्के लागले असते! लिहिणाऱ्याला 500 हा आकडा भलामोठा वाटला असणार, आणि टीव्हीसमोर बसलेल्यांनाही तो तसाच वाटला. खरं तर त्या भागाचं प्रक्षेपण स्वतःच प्रवासाला निघालेलं आहे. विरत विरत का होईना, ती लहर 1983मध्ये 40 एरिडनीच्या पुढे गेली. सुलूच्या 500 पार्सेकपर्यंत ती पोचेल इसवी सन 3597मध्ये.

मग एवढं ब्रह्मांड एका डोंगरावर का कोंबलं? पैशांमुळे. पहिल्या वर्षी एका भागाला सुमारे 1 लाख 90 हजार डॉलर मिळत. त्यातच पोशाख, सेट, यानाची दृश्यं. हॉलिवूडच्या कामगार संघटनांच्या करारांत 'स्टुडिओ झोन' नावाचं एक वर्तुळ असतं. आज त्याची त्रिज्या 30 मैल आहे आणि केंद्र लॉस एंजेलिसमधला एक चौक, बेव्हर्ली आणि ला सिएनेगा हे रस्ते मिळतात तो. वर्तुळाबाहेर पाऊल टाकलं की प्रवासभत्ता, राहण्याजेवणाचा खर्च सुरू. आग्वा दुल्से काठावर असलं तरी करारात ते आतच धरलेलं आहे. या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं तर 7,300 चौरस किलोमीटरच्या आसपास येतं, पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. टीव्हीवरच्या विश्वाचा विस्तार खगोलशास्त्राने कमी आणि हिशेबनिसाने जास्त ठरवला, असं माझं मत आहे, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

याच वर्तुळात व्हॅन नाइसला स्टारफ्लीट अकादमी आहे. कथेत ती सॅन फ्रान्सिस्कोत. कॅमेऱ्यापुढे आलं ते डोनाल्ड टिलमन सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. काचेची देखणी इमारत, शेजारी साडेसहा एकरांची जपानी बाग, आणि आत रोज 8 कोटी गॅलन, म्हणजे 30 कोटी लिटर मैलापाणी स्वच्छ करण्याची क्षमता. चोविसाव्या शतकातले होतकरू अंतराळवीर जिथे पदवी घेतात तिथे बाग हिरवी राहते ती याच पाण्यावर.

तरीही मला सर्वांत जास्त चक्रावतं ते खडकांचं स्वतःचं वय. हे थर सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी साचले आणि पुढे भूकवचाच्या भेगांनी ते रेटून तिरके उभे केले. ती व्हल्कनची गाडी आठवा: तिचा सातांतला सहा हिस्से रस्ता संपला, तेव्हा कुठे हे खडक तयार होऊ लागले. जवळूनच, पामडेल शहरातून, सॅन अँड्रियास ही प्रचंड भेग जाते. तिच्या दोन बाजू सरासरीने वर्षाला तीन-साडेतीन सेंटीमीटर एकमेकींना घासून सरकतात, जवळपास आपली नखं वाढतात तेवढ्याच. कर्क-गॉर्नची झुंज कथेप्रमाणे 2267 सालची, म्हणजे चित्रीकरणानंतर तीनशे वर्षांची. तोवर या हिशेबाने पामडेलच्या दोन बाजू दहाएक मीटर सरकलेल्या असतील. मालिकेच्या कल्पनेतलं भविष्य येईल न येईल, हे दहा मीटर मात्र चुकणार नाहीत.

उद्यानाच्या नावाचा उगमही मालिकेहून जुना आहे. तिबुर्सिओ वास्केझ हा दरोडेखोर 1873-74च्या सुमारास इथे लपत असे. 1875मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्याही आधी इथे टाटावियम लोक राहत. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणारी 2,650 मैलांची पॅसिफिक क्रेस्ट पायवाटही याच उद्यानातून जाते.

मुलांकडे कॅलिफोर्नियाला गेलेल्या मराठी आईबाबांना डिस्नेलँड सगळेच दाखवतात. एक सकाळ हट्टाने इकडे काढा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सावली जवळपास नाही, तेव्हा उन्हं चढायच्या आत पोचा आणि पाणी भरपूर न्या.