क्लच-गिअरबॉक्सची निगा आणि आपल्या उसाचे वजन



ऊसविकास खात्याचे काम म्हणजे लागण, बेणे, खत आणि पाणी. मग क्लच आणि गिअरबॉक्सवर आम्ही का लिहितो, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. सुरूचा ऊस बारा महिने आणि आडसाली सोळा-अठरा महिने सांभाळल्यावर, तुटल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत त्याचा सगळा भरवसा ट्रॅक्टरवर असतो. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. पुढे दर दिवसाला तो वाळतो, वजन घटते आणि आतली साखरही मोडू लागते. वजनाचा तोटा ज्याचा ऊस त्याला. उताऱ्याचा तोटा मात्र सगळ्या सभासदांना, कारण एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे.

गेल्या हंगामात वेळापूर शिवारात असाच एक प्रकार आमच्या पाहण्यात आला. काळे रान, चार दिवसांपूर्वीच पाणी दिलेले. दोन्ही ट्रॉल्या भरल्या आणि गाडी बांधावर अडकली. ड्रायव्हरने अर्धा क्लच दाबून इंजिन गरगरवले, चाके जागेवर फिरली आणि थोड्या वेळात जळका वास सुटला. प्लेट गेली. ऐन हंगामात मिस्त्री कुठला मिळायला? तिसऱ्या दिवशी तो ऊस काट्यावर आला. गाडीमालकाला दुरुस्तीचा खर्च पडला, टोळीची मजुरी बुडाली आणि ऊसमालकाच्या पदरी वाळलेला माल आला.

गिअर काय करतो?

इंजिन भराभर फिरते, पण त्या फिरण्यात ओढायची ताकद कमी असते. बारा दात्यांच्या चाकाने अठ्ठेचाळीस दात्यांचे चाक फिरवले, की वेग चौथाईवर येतो आणि ओढ जवळजवळ चौपट होते. मोटेवरून पाणी काढताना बैल जोर मारायचे, इथे तो जोर दात्यांवर येतो. क्लच म्हणजे इंजिन आणि गिअर यांच्यामधला दुवा. पेडल दाबले की दुवा सुटतो, सोडले की जुळतो. अर्धवट दाबून ठेवले तर प्लेट घासत राहते. प्लेट जळते ती ओझ्याने कमी आणि अशा घासण्याने जास्त.

ड्रायव्हरने पाळायचे

पाय पेडलवर ठेवून गाडी चालवू नये. कारखान्याच्या यार्डात रांग पुढे सरकेपर्यंत गिअर न्यूट्रलला आणून पाय काढावा. पेडल दाबून उभे राहिल्यास रिलीज बेअरिंग फुकट झिजते. फडातून निघताना सुरुवातीलाच सर्वांत हलका गिअर टाकावा. जुन्या सरकत्या गिअरच्या गाड्यांत तर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय गिअर बदलू नये, दाते तुटतात. रान मऊ असेल तर हट्ट न करता एकेक ट्रॉली बाहेर काढावी.

उतारावर डिझेल वाचवायचे म्हणून न्यूट्रल करणारे काही महाभाग आहेत. मागे दोन भरल्या ट्रॉल्या असताना इंजिनाचा आवर सुटला, की ब्रेक पुरत नाहीत. ज्या गिअरने चढण चढता, त्याच गिअरने उतरा. आपला हा रस्ता माउलींच्या पालखीचा आहे, त्यावर पोराबाळांची वर्दळ बारमाही असते.

मालकाने पाहायचे

पेडल दाबताना सुरुवातीला थोडे मोकळे गेले पाहिजे. बहुतेक गाड्यांत हे अंतर दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. प्लेट झिजेल तसे हे अंतर कमी होत जाते. ते अजिबात उरले नाही, तर क्लच पूर्ण बसत नाही आणि घसरू लागतो. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, हे त्याचे लक्षण.

गिअर ऑइल पाहताना गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवावे आणि ऑइल खाली बसू द्यावे. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे, ते बदलावेच लागते. काढलेल्या ऑइलमध्ये राखाडी, मऊ लगदा थोडा असणारच. पण धातूचे तुकडे चमकताना दिसले तर गाडी फडावर नेऊ नये, आधी उघडून पाहावी. दुकानदार देईल ते ऑइल ओतू नका. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांना वेगळ्या जातीचे ऑइल लागते. त्यात साधे ऑइल गेले तर ब्रेक बिघडतात.

दुरुस्ती करताना

क्लचसाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडावा लागतो. खरी मजुरी तिथेच जाते. म्हणून एकदा उघडल्यावर नुसती प्लेट टाकून बंद करू नये. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पाहून घ्यावा. प्लेटवर तेल आले असेल तर ऑइल सील गळते आहे असे समजावे. सील न बदलता नवी प्लेट टाकली, तर तीही लवकर जाते. उघडण्यापूर्वी पुढच्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकाव्यात आणि भक्कम घोड्या लावाव्यात. विटांच्या थरावर टेकवलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. पोटाचा प्रश्न आहे तसा जिवाचाही आहे.

ज्यांच्याकडे जुने एचएमटी आहेत त्यांनी सुट्या भागांची तजवीज लवकर करावी. पिंजोरचा तो विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. जुना भाग गाडीवरून उतरवून, दुकानात शेजारी धरून, दाते मोजूनच नवा घ्यावा.

आणि ऊसमालकाचे काम

आता ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यांनाही आमचे सांगणे आहे. नीरा उजव्या कालव्याचे पाणी पाळीने येते, त्यामुळे आले की घ्यावे असा मोह होतो. पण काळ्या रानात तोडणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे. ऊस पक्व होतो, उतारा वाढतो आणि रानही कडक होते. वाट सपाट करा, चारीवर भराव टाका. पुष्कळ क्लच गाडीच्या दोषाने नव्हे, आपल्या ओल्या रानाने जळतात. दुसऱ्याची गाडी म्हणून सोडून देऊ नका, अडकलेल्या गाडीत ऊस आपलाच असतो.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, गंध लावतो. यंदा त्याच दिवशी पेडलचे अंतर आणि ऑइलची पातळीही पाहावी. हंगाम सुरू झाल्यावर मिस्त्रीला फुरसत नसते आणि तुटलेला ऊस थांबत नाही. तरी सर्व सभासद व वाहतूकदार बंधूंनी याकामी हयगय करू नये, ही आग्रहाची विनंती.