रक्तातली एक चमचा साखर

एक सोपे गणित करून पाहा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. निरोगी माणसाचे रक्त सकाळी उपाशीपोटी तपासले, तर दर १०० मिलिलिटरमध्ये ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज सापडते. गुणाकार करा. साऱ्या रक्तात मिळून फार तर ५ ग्रॅम साखर भरते, म्हणजे चहाचा एक चमचा! आता ज्वारीची भाकरी घ्या. ती ५० ग्रॅम पिठाची असेल, तर पचल्यावर तिच्यातून ३० ग्रॅमांहून अधिक ग्लुकोज निघते. रक्तातल्या साखरेच्या हे सहापट झाले. तरी जेवल्यावर आपल्या रक्ताचा पाक होत नाही. स्वादुपिंडातून येणारे इन्शुलिन ही साखर स्नायूंत आणि यकृतात पोचती करते. मधुमेहात हे इन्शुलिन कमी पडते, किंवा पेशी त्याला नीट दाद देत नाहीत.

हे गणित आमच्या घरात शिरले ते मामांमुळे. मामा पुण्यात शनिवार पेठेत राहतात. एकदा चपलेत अडकलेला खडा त्यांना दिवसभर टोचलाच नाही. जखम दिसली ती रात्री पाय धुताना. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने पायातले मज्जातंतू निकामी केले होते. जखम चिघळली आणि अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. तेथे ताट वेळेवर येई, तपासणीही ठरल्या वेळी होई. घरी येताना मात्र हातात एक कागद, गोळ्या आणि इन्शुलिनचे पेन. पुढचे सारे मामा, मामी आणि नववीतला नातू यांच्यावर आले.

मामींचा पहिला प्रश्न होता, "हे एवढे काटकुळे, मग यांना साखर कशी?" या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच शोधले गेले आहे. येथील के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचेच छायाचित्र छापले. किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स मिळतो. तो दोघांचाही २२.३ होता. पण यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. दिसायला सडपातळ अशा भारतीय माणसाच्या पोटातही चरबी दडलेली असू शकते, आणि ती इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते.

मामांकडे ग्लुकोमीटर आला तेव्हा नातवापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. त्याच्या पट्टीवर फक्त ग्लुकोजवर काम करणारे विकर असते. त्या क्रियेत इलेक्ट्रॉन सुटतात आणि अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो. साखर जास्त, तर प्रवाह जास्त. म्हणूनच थेंब काढण्यापूर्वी हात धुवायचे. आंबा कापलेल्या बोटाने तपासणी केलीत, तर यंत्र आंबाही मोजेल! शिवाय आकडा थोडा मागेपुढे होणारच. १४२ चे १५१ झाले म्हणून मामा घाबरत, तेव्हा मी त्यांना प्रयोगशाळेतली 'मापनातील त्रुटी' समजावत असे.

यंत्राने पहिला धडा दिला एकादशीला. साबुदाण्याची खिचडी "उपासाचे हलके" म्हणून मामींनी वाढली. दोन तासांनी आकडा २७४. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तंतू नाममात्र, त्यामुळे पचायला वेळ लागत नाही. पांडुरंग समजून घेईल, असे म्हणून मामांनी एकादशी सोडली. आता ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा असतो, जोडीला मटकीची उसळ, आणि पीठ तोलून केलेली एकच भाकरी. जखम भरल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हापासून जेवणानंतर फिरणेही सुरू झाले. आकुंचन पावणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढून घेतात.

दुसरा धडा उलट दिशेचा होता. एका संध्याकाळी मामांनी इन्शुलिन घेतले आणि तेवढ्यात पाहुणे आले. जेवण लांबले. मामांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. पाहुण्यांना वाटले, थकले असतील. नातवाने बोट टोचले : ५४. आपल्या गणिताने पाहिले, तर साऱ्या रक्तात जेमतेम अर्धा चमचा साखर, आणि मेंदू तर सतत तिच्यावरच चालतो! त्याने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा ९६ होता. मग लगेच जेवायला वाढले. मामा शुद्धीवर होते म्हणून हे जमले. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

रात्री झोपण्यापूर्वी नातू मामांच्या तळव्यांखाली आरसा धरतो आणि दोघे मिळून बोटांच्या बेचक्या तपासतात. सकाळी बाहेर पडताना मामा चपला आधी उलट्या करून झटकतात, आत हात फिरवून पाहतात, आणि मगच पाय घालतात.