निवृत्तांचे गाणे

सरकारी वा खाजगी नोकरीतून ५८ व्या किंवा ६० व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाला आपला समाज शाल, श्रीफळ आणि चार गौरवपर भाषणे देऊन निरोप देतो. त्यानंतर त्याने काय करावे याची एक अलिखित यादीही त्याच्या हाती सोपवतो. सकाळचा फेरफटका, वर्तमानपत्राचे साद्यंत वाचन, नातवंडांना शाळेत पोचवणे, एखादी तीर्थयात्रा आणि फारच उत्साह असेल तर गृहनिर्माण संस्थेचे चिटणीसपद, ही त्या यादीतील ठराविक कलमे होत. या यादीत न बसणारा एक उद्योग अलीकडे मध्यमवर्गीय घरांतून दिसू लागला आहे. कपाटावर वर्षानुवर्षे पडून असलेली किंवा भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून नव्याने आणलेली गिटार मांडीवर घ्यायची, तरुणपणी जीव लावलेली गाणी तिच्यावर बसवायची आणि घरच्या घरी ती ध्वनिमुद्रित करायची, असा हा उद्योग. तो पाहून घरातील तरुण मंडळी गालातल्या गालात हसतात आणि समवयस्क विचारतात, ‘आता या वयात हे काय?’ प्रश्न उपहासाने विचारला जात असला, तरी त्याचे उत्तर गंभीरपणे द्यावे अशा योग्यतेचा तो निश्चित आहे.

आज साठी-सत्तरीत असलेली पिढी १९७० व १९८० च्या दशकांत महाविद्यालयात होती. राहुलदेव बर्मन यांच्या संगीताने त्या काळी गिटारचा नाद घराघरांत पोचवला होता. १९७३ च्या ‘यादों की बारात’मधील गिटार वाजवणारे भूपिंदर सिंग पुढे गझलगायक म्हणून नावाजले. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांचा तर गोमंतकीय वादक हा कणाच होता. तथापि मराठी मध्यमवर्गाच्या दृष्टीने पेटी आणि तबला ही प्रतिष्ठित वाद्ये होती आणि गिटार हे वाया चाललेल्या मुलाचे लक्षण होते. ‘आधी परीक्षा, मग थेरं’ हे वाक्य असंख्य घरांत उच्चारले गेले. परीक्षेमागून नोकरी आली, नोकरीमागून संसार आला, कर्जाचे हप्ते आले, आणि ती ‘थेरं’ पुढे ढकलली गेली ती गेलीच. तेव्हा निवृत्तीनंतर गिटार हाती घेणारा माणूस म्हातारचळ लागल्यासारखा वागत नसून, चाळीस वर्षे थकलेले एक देणे स्वतःला चुकते करीत असतो.

यंत्र घरात आले

हे देणे चुकते करणे शक्य झाले, ते ध्वनिमुद्रणाच्या तंत्राने घरात प्रवेश केल्यामुळे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या दशकात आपल्या घराच्या गॅरेजमध्येच ध्वनिमुद्रणशाळा थाटली आणि स्वतःच वाजवलेले अनेक सूर एकावर एक चढवण्याचे प्रयोग केले. १९७९ साली टास्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्टे मुद्रित करणारे ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र बाजारात आणले. १९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन या विख्यात गायकाने न्यू जर्सीतील आपल्या घरी अशाच यंत्रावर गिटार घेऊन काही गाणी कच्ची म्हणून मुद्रित केली. पुढे सगळ्या साथीदारांसह तीच गाणी ध्वनिमुद्रणशाळेत करून पाहिली गेली. परंतु घरातल्या त्या मुद्रणाची सर त्यांना येईना. अखेर ती कच्ची कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्या चार पट्ट्यांहून कितीतरी अधिक सामर्थ्य आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये सामावलेले आहे.

यंत्र सोपे झाले म्हणून काम सोपे झाले, असे मात्र कोणी समजू नये. साठीनंतरची बोटे तारेवर सहज दबत नाहीत. पोलादी तारांनी बोटांची अग्रे प्रथम दुखतात, मग सोलवटतात आणि काही आठवड्यांनी त्यांवर घट्टे पडतात. एकच बोट सहाही तारांवर आडवे दाबून धरण्याचा प्रकार तर तरुणांनाही घाम फोडणारा. संधिवाताने आखडलेल्या बोटांना तो अधिकच जाचक. यावर अनुभवी वादक साधे उपाय सुचवतात. तारा पातळ घ्याव्यात, वाद्य अर्धा स्वर उतरवून लावावे, आणि गिटारच्या गळ्यावर बसवण्याचा कॅपो नावाचा चिमटा वापरून सोप्या बोटांनीच हवी ती पट्टी साधावी. पट्टीचा हा प्रश्न गळ्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. वयपरत्वे स्त्रियांचा आवाज सामान्यतः खाली उतरतो, पुरुषांचा पातळ होतो, आणि दम दोघांचाही कमी पडतो. विसाव्या वर्षी ज्या पट्टीत गाणे गायले त्याच पट्टीत पासष्टाव्या वर्षी गाण्याचा हट्ट धरणारा मनुष्य गाण्याशी नव्हे, काळाशी झगडत असतो. पट्टी उतरवणे म्हणजे हार नव्हे, हे ज्याला उमगले त्याची निम्मी लढाई सरली.

ध्वनिमुद्रणाचे म्हणून काही निराळेच धडे असतात. ध्वनिग्राहक गिटारच्या गोल छिद्रासमोर धरला तर नुसता घुमारा मुद्रित होतो. तो बाराव्या पडद्याच्या रोखाने वीत-दीड वीत अंतरावर ठेवला तर तारांचा खरा स्वर उमटतो. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. तोच कपड्यांचे कपाट उघडे टाकून, दारावर गोधडी टांगून आणि गादीशेजारी बसून बराच आवरता येतो. पंखा बंद करावा लागतो. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, इमारतीचा पाण्याचा पंप आणि भंगारवाल्याची आरोळी यांची वेळापत्रके पाठ करावी लागतात. वयाबरोबर कानांना उंच स्वर कमी ऐकू येऊ लागतात. त्यामुळे स्वतःच्या कानांना गोड वाटावे असे केलेले मुद्रण इतरांना कर्कश वाटण्याचा संभव असतो. अशा वेळी घरातील एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीला बोलावून तिचे मत घ्यावे लागते. आजोबा शिकवणार आणि नात शिकणार, हा क्रम येथे उलटा होतो. आणि तो उलटा होण्यात दोघांचेही हितच आहे.

आणि मग मुद्रित झालेला आपला आवाज ऐकण्याची घटका येते. आपण बोलतो वा गातो तेव्हा आपला स्वर हवेतून जसा कानी येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही पोचतो. म्हणून तो आपल्याला असतो त्याहून भरदार वाटतो. यंत्र ही सवलत देत नाही. हाताखालच्या माणसांनी आयुष्यभर ‘होय साहेब’ म्हटलेल्या अधिकाऱ्याला एवढे निर्विकार प्रतिवृत्त बहुधा कधी मिळालेले नसते. ते ऐकून जो खचत नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच कडवे पुन्हा घेतो, तो निवृत्तीच्या काळातली एक दुर्मिळ गोष्ट मिळवतो. ती गोष्ट म्हणजे प्रगती. पदोन्नतीचा मार्ग बंद झाल्यावरही काही तरी काल आले नव्हते आणि आज आले, हा अनुभव माणसाला जगण्याचे कारण पुरवतो.

उसने गाणे?

यावर एक आक्षेप घेतला जातो. ही गाणी दुसऱ्याची. मूळ गायकाने ती इतकी सुंदर गाऊन ठेवली असता कच्च्या गळ्याने त्यांची नक्कल कशाला? वस्तुतः हा आक्षेप तबकडीने निर्माण केलेला आहे. आपल्या अभिजात परंपरेत एकच बंदिश पिढ्यान्‌पिढ्या गायिली जाते आणि तिला कोणी नक्कल म्हणत नाही. वारीतील अभंग लाखो कंठांतून उमटतो, आणि तो प्रत्येकाचा स्वतःचा असतो. गाण्याची एकच आवृत्ती ‘मूळ’ आणि बाकीच्या दुय्यम, ही कल्पना ध्वनिमुद्रणाबरोबर आली, म्हणजे ती सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडची नव्हे.

या संदर्भात दोन उदाहरणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. अमेरिकन गायक जॉनी कॅश यांची उमेद सरली असे संगीतव्यवसायाने ठरवले होते. अशा वेळी १९९४ साली, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांनी केवळ आपला आवाज आणि एक गिटार एवढ्यावर एक ध्वनिमुद्रिका केली. त्यातील बराचसा भाग निर्माते रिक रुबिन यांच्या घरातील दिवाणखान्यात मुद्रित झाला, आणि त्यातली कित्येक गाणी इतरांची होती. २००२ साली त्यांनी ट्रेंट रेझ्नर या कितीतरी तरुण संगीतकाराचे ‘हर्ट’ हे गाणे गायिले. थकलेल्या, कापऱ्या आवाजात त्या गाण्याला असा काही अर्थ प्राप्त झाला की, हे गाणे आता आपले राहिले नाही, अशी भावना खुद्द रेझ्नर यांनी व्यक्त केली. पुढच्याच वर्षी कॅश वारले. विशीतल्या गळ्याला जे सांगता येत नाही ते सत्तरीतला गळा सांगतो, याला याहून वेगळा पुरावा नको.

दुसरे उदाहरण एलिझाबेथ कॉटन यांचे. ही कृष्णवर्णीय स्त्री डावखुरी होती. उजव्या हाताच्या वादकासाठी तारा लावलेली गिटार ती उलटी धरून वाजवी. लहानपणी तिने ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणे रचले, पण पुढे संसार आणि कष्ट यांत गिटार सुटली ती कित्येक दशके. उतारवयात वॉशिंग्टनमध्ये सीगर या संगीतज्ञ कुटुंबाकडे ती घरकाम करीत असे. त्या घरातील गिटार एक दिवस तिने हाती घेतली आणि बोटांना सारे पुन्हा आठवू लागले. त्या घरचा मुलगा माइक सीगर याने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्याच घरी तिची गाणी टेपवर मुद्रित केली. त्यांची ध्वनिमुद्रिका १९५८ मध्ये निघाली, तेव्हा ती साठी ओलांडून गेलेली होती. १९८५ साली, नव्वदीच्या घरात, तिला ग्रॅमी पुरस्कार लाभला.

कायद्याचे काटे

कॉटनबाईंच्या कहाणीला दुसरी बाजूही आहे. त्यांचे ‘फ्रेट ट्रेन’ ब्रिटनमध्ये इतरांनी गायिले, १९५७ मध्ये ते गाजले, आणि रचनाकार म्हणून नावे मात्र भलत्यांचीच लागली. आपले श्रेय त्यांना पुढे झगडून मिळवावे लागले. तेव्हा उसने गाणे गाणाऱ्याचा हक्क सांगताना, ज्याने ते रचले त्याचा हक्क विसरून चालणार नाही. कवी आणि संगीतकार यांची नावे घेतल्यावाचून त्यांचे गाणे लोकांपुढे ठेवू नये, एवढी सभ्यता तरी प्रत्येक हौशी गायकाने पाळलीच पाहिजे.

परंतु कायद्याची भाषा या सभ्यतेपलीकडे फार पुढे जाते. १९५७ च्या भारतीय प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार संगीतरचनेवरील अधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. स्वतःच्या खाजगी उपयोगापुरती मोकळीक आहे. पण गाणे चार लोकांपर्यंत पोचवायचे म्हटले की परवानगीचा प्रश्न उभा राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ३१ग हे कलम जुन्या गाण्याच्या नव्या मुद्रणाला परवाना देते खरे. मात्र मूळ मुद्रणाला पाच वर्षे उलटलेली असावीत, स्वामित्वशुल्क आगाऊ भरावे आणि ते वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने भरावे, अशा त्याच्या अटी आहेत. तांत्रिक गरजेपलीकडे रचनेत फेरफार करण्यासही मज्जाव आहे. कॅसेटच्या जमान्यात जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेऊन विकण्याचा जो व्यापार बोकाळला, तो पाहता या अटी समजण्यासारख्या आहेत. परंतु पन्नास हजार प्रतींचे हे माप निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आणि पन्नास श्रोत्यांत धन्यता मानणाऱ्या शिक्षिकेला लावणे म्हणजे घरच्या चुलीला कारखान्याचा परवाना मागणे होय. इंटरनेटवरील माध्यमांची यंत्रे गाणे आपोआप ओळखतात, आणि मग हक्कधारक ते अडवू शकतो किंवा त्यावरील जाहिरातीचे उत्पन्न घेऊ शकतो. यातील दुसरा मार्ग रास्त आहे. ज्याला पैसा नको आहे त्याला गाऊ द्यावे, आणि पैसा झालाच तर तो रचनाकाराला मिळावा. विशिष्ट भाषेतील कृतींसाठी प्रतींची किमान संख्या कमी ठरवण्याची सोय याच कलमात आहे. तिचाच धागा पुढे नेऊन, विनामोबदला गाणाऱ्या हौशी कलावंतासाठी अल्प शुल्काचा एक सुटसुटीत परवाना संसदेने निर्माण करावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

एक धोका मात्र निवृत्तांनी स्वतःच ओळखला पाहिजे. नोकरीतील मानमरातब गेल्यावर जी पोकळी उरते, ती टाळ्यांच्या आकड्यांनी भरून काढण्याचा मोह मोठा असतो. किती जणांनी ऐकले, कोणी वाहवा केली, याच्या हिशेबात गाणे गुदमरते, आणि खोलीचे दार लावून एकट्याने यंत्रासमोर बसणारा माणूस आणखी एकाकी होतो. म्हणून महिन्यातून एकदा तरी चार समवयस्कांना घरी बोलवावे, एकाने गिटार धरावी, दुसऱ्याने पेटी, आणि ज्याला काहीच येत नाही त्याने ध्रुवपद म्हणावे. आपल्या भजनी मंडळांनी हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे.

घरोघरी आजोबा-आजींची छायाचित्रे भिंतीवर असतात. त्यांचा आवाज मात्र क्वचितच कोणाजवळ असतो. मागच्या पिढ्यांना तो ठेवून जाण्याची सोय नव्हती. आज ती आहे. गाणे बिनचूक होण्याची वाट पाहत बसल्यास वेळ निघून जाईल. गळा आणि बोटे साथ देत आहेत तोवर, जसे येईल तसे, ते गाऊन ठेवावे हेच इष्ट.